सोळा प्लस लिहिलंय, मुलगी तेराची आहे, मग?

इंदूरमध्ये सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात असो की रामबागेतलं हळदीकुंकू, हा प्रश्न येतोच: "कार्टूनच आहे, पण वर यूए सोळा प्लस लिहिलंय. आमची तेराची. बघू द्यायचं का?" सिरीज बहुधा एकाच घाटाची असते: शापित राज्य, अनाथ नायक, रक्त मागणारी जादू.

आधी तो आकडा. 2021 च्या आयटी नियमांनी ओटीटीसाठी पाच शेरे ठरवले: यू (सगळ्यांसाठी), यूए 7+, यूए 13+, यूए 16+ (त्या वयाखालच्यांनी पालकांच्या देखरेखीत बघायचं) आणि ए (फक्त प्रौढांसाठी). यूए 13+ पासून पुढे पालकांसाठी लॉकची सोय ठेवणं प्लॅटफॉर्मला बंधनकारक आहे. मात्र हा शेरा सेन्सॉर बोर्डाचा नसतो, प्लॅटफॉर्म स्वतःच लावतो. म्हणून त्याच्या शेजारची बारीक अक्षरं वाचा. एका सिरीजला सोळा प्लस शिव्यांमुळे मिळतं, दुसरीला छळाच्या दृश्यांमुळे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

राक्षसांची फार धास्ती घेऊ नका. भयंकर दिसण्याला साधारण सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं जास्त घाबरतात. तेराव्या वर्षी झोप उडते ती आईच्या मरणाने, मैत्रिणीने दिलेल्या दग्याने, कोंडून केलेल्या छळाने. घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा पोर आधीच खचलेली असेल, तर आत्महत्येचा धागा असलेली सिरीज सध्या राहू द्या, शेरा काहीही असो.

सगळे भाग बघायला तुम्हाला वेळ नसतो. तीन बघा: पहिला, तिसरा आणि शेवटून दुसरा. पहिल्यात कथेची ओळख असते, तिसऱ्याच्या आसपास बऱ्याचदा पहिला मोठा धक्का ठेवलेला असतो, आणि शेवटच्या आधीच्या भागात कत्तल. मुलगी ज्या भाषेत बघते त्याच भाषेत बघा. हिंदी डबिंगमध्ये शिव्यांची धार कमी-जास्त होते. बघताना एवढंच टिपा: माणूस मेल्यावर पुढची दोन मिनिटं कुणाची आहेत? रडणाऱ्यांची असतील तर सिरीज पुष्कळ काही झेपण्याजोगं करून देते. तलवार पुसून पुढे निघालेल्याचीच असतील, तर आम्ही सोळापर्यंत थांबायला सांगतो.

आता लॉक. नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून अकाउंट उघडलं की मुलीच्या प्रोफाइलच्या पेरेंटल कंट्रोलमध्ये वयाची मर्यादा लावता येते, एखादी सिरीज नावानिशी बंदही करता येते. फसतं ते शेजारी: तिचं प्रोफाइल बांधलेलं आणि बाबांचं सताड उघडं. मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला चार आकडी पिन लावा, नवं प्रोफाइल काढायलाही पिन लागेल असं करा. आणि तो पिन तिचं जन्मवर्ष नको, ते तिलाही पाठ आहे. त्याच सिरीजचे तुकडे रील्समध्ये येतच राहतात, तिथे हे लॉक पोचत नाही.

एक धोका पालकांच्या ध्यानीमनी नसतो, तो लखलखाटाचा. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. जादूच्या लढायांत असा झगमगाट आजही असतो. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खोलीत दिवा लावा, पडद्यापासून लांब बसवा. मध्येच कसंसं वाटलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवायची, हे तिला आधीच शिकवून ठेवा.

निम्मी भीती कानातून शिरते. हेडफोन काढा, आवाज खाली आणा, आणि रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर दिवसाउजेडी बघा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद. आजी नृसिंहाची गोष्ट सांगताना नातवंडांचे डोळे बघून आवाज चढवायची, उतरवायची. टीव्हीला समोरचं पोर दिसत नाही, ते काम शेजारी बसलेल्याचं.

ऐन भीतीच्या जागी मात्र रागाने टीव्ही बंद करू नका. उरलेलं दृश्य मन रात्री स्वतःच रचतं, आणि ते मूळ दृश्याहून वाईट असतं. तो प्रसंग संपेपर्यंत बसा, मग थांबवा. मैत्रिणीकडे सगळं बघून झालंच असेल तर ओरडण्याऐवजी कथा विचारा: राणीने भावाला का मारलं? ती ज्या जागी अडखळेल, पुढचं बोलणं तिथून सुरू करा.