जुनी जिप्सी, फेडलेले कर्ज आणि आरसीवरचा बोजा

सांगली-मिरज परिसरात जुनी फोर-बाय-फोर गाडी घेऊ पाहणाऱ्या माणसाला सल्ल्याची वानवा नसते. सुट्टीच्या दिवशी दांडोबाच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांवर आणि कृष्णाकाठच्या रानवाटांवर गाड्या घेऊन जाणारा आमचा एक गट आहे; त्यात मिरजेचे एक जुने मेस्त्री आहेत, काही द्राक्षबागायतदार आहेत आणि परिवहन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थही आहेत. या मंडळींच्या सल्ल्यामुळेच मला मनासारखी मारुती जिप्सी मिळाली आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मात्र गाडी शोधण्यात आणि पारखण्यात जेवढा वेळ गेला, त्याच्या कितीतरी पट वेळ तिच्या आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) एक ओळ काढून घेण्यात गेला. त्या एका ओळीचा त्रास दुसऱ्या कोणाला होऊ नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी कोणती घ्यावी यावर गटात दोन तट होते. काहींच्या मते २०१० नंतरची सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल) इंजिनची महिंद्रा थार घ्यावी, कारण डिझेलची ताकद आणि सुटे भाग दोन्ही सहज मिळतात. मेस्त्री मात्र जिप्सीच्या बाजूने ठाम होते. आपल्याकडची काळी माती एका पावसात चाकांना चिकटून बसते, आणि अशा मातीत जड गाडीपेक्षा जेमतेम टनभर वजनाची गाडी लवकर बाहेर निघते, हे त्यांचे म्हणणे मला पटले. १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अखंड अ‍ॅक्सल, अशी तिची रचना साधी आहे व गावातला मेस्त्रीही ती उघडून दुरुस्त करू शकतो. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सी स्वस्त मिळतात. परंतु त्यांची कागदपत्रे तपासण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून पहिल्याच मालकाच्या नावावर असलेली खासगी गाडी हवी, एवढे मी ठरवून ठेवले होते. तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदारांची २०१३ ची जिप्सी गटातल्याच एकाने सुचवली.

गाडी पाहायला आम्ही सकाळी लवकर गेलो आणि आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नये असे मालकांना आधीच सांगून ठेवले होते. थंड इंजिन कसे सुरू होते, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे गरम इंजिनावर कळत नाही. मेस्त्रींनी पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले आणि किंगपिन बेअरिंगमध्ये (पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिच्या बेअरिंगमध्ये) खेळ आहे का ते पाहिले. जिप्सीचे स्टेअरिंग ठरावीक वेगाला थरथरू लागते त्याचे कारण बहुधा तिथेच सापडते. पाट्यांना तडे, शॅकलचे (पाटे चेसिसला जोडणाऱ्या कड्यांचे) बुश, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला लागलेला गंज, चटया उचलून खालचा पत्रा, हे सर्व त्यांनी बॅटरीच्या उजेडात तपासले. फोर-बाय-फोर लावून पाहण्यासाठी आम्ही गाडी मुद्दाम नांगरलेल्या रानात नेली. डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून वळणे घेतली की सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. त्यामुळे विकणारा डांबरीवरच लिव्हर टाकून दाखवत असेल, तर त्याला नम्रपणे थांबवावे.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते, ती म्हणजे गाडी पुरात बुडाली होती का. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा दारातल्या आणि गॅरेजमधल्या कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-रंगवून चकचकीत करता येते. परंतु सीटच्या रुळांत, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याच्या शेवटच्या वीतभरात आणि डॅशबोर्डमागच्या वायरिंगच्या जोडांत बारीक गाळ राहतोच. डिफरन्शियलचे ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी आत गेले आहे एवढे निश्चित. आमची गाडी या सर्व कसोट्यांना उतरली आणि भावही दोघांना मान्य झाला.

त्यानंतर निवृत्त गृहस्थांनी आरसी मागितली आणि त्यातली ती ओळ दाखवली. गाडी एका सहकारी पतसंस्थेकडे तारण असल्याची नोंद अजूनही कायम होती. मालक म्हणाले, "दादा, कर्ज मी कधीच फेडलंय. हा बघा बेबाकी दाखला." दाखला खरा होता, त्यावर व्यवस्थापकाची सही होती आणि संस्थेचा शिक्काही होता. मात्र कर्ज फिटल्यावर संस्थेकडून फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्यावा लागतो, हे त्यांना त्या वेळी कोणी सांगितले नव्हते, आणि दरम्यान ती पतसंस्था अवसायनात, म्हणजे कायमची बंद करण्याच्या प्रक्रियेत, निघाली होती. निवृत्त गृहस्थांचे शब्द मी तसेच देतो: "बोजा उतरेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. विसार द्या, करार करा, बाकी रक्कम हातात ठेवा." आम्ही ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा केला. १०० चा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. बोजा उतरवण्याची जबाबदारी विक्रेत्याची, त्यासाठी धावपळ दोघांनी मिळून करायची, आणि काम झाले नाही तर विसार परत, अशी कलमे त्यात घातली. गाडीही त्यांच्याच शेडमध्ये राहिली. हा निर्णय आम्ही नेटाने पाळला याचा मला आजही अभिमान वाटतो, कारण पूर्ण पैसे देऊन मी गाडी घरी आणली असती, तर पुढच्या सगळ्या धावपळीत मी एकटाच उरलो असतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे, ज्याच्या नावाने तारणाची नोंद आहे त्याच्या लेखी संमतीशिवाय गाडीचे हस्तांतरण आरसीवर नोंदवता येत नाही, आणि करार संपल्याचा पुरावा दिल्यावर ती नोंद रद्द करता येते. हा पुरावा म्हणजे वित्तपुरवठादाराच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५. बेबाकी दाखला असताना वेगळा फॉर्म कशाला, असा प्रश्न मी आरटीओच्या खिडकीवर विचारला. तिथल्या लिपिकाचे उत्तर एकाच वाक्याचे होते: "फॉर्म पस्तीस आणा, दाखल्यावर होत नाही." नियमानुसार ते बरोबर होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढच्या कार्यालयाबद्दल आहे.

पतसंस्थेची शाखा जिथे होती, तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. संस्था अवसायनात निघाली की निबंधकांनी नेमलेला अवसायक तिचा कारभार पाहतो, त्यामुळे आम्ही सहकार खात्याच्या तालुका कार्यालयात गेलो. तेथे पहिले उत्तर मिळाले की अवसायक ठरावीक वारीच येतात. त्या वारी गेलो, तेव्हा आधीच्या अवसायकांची बदली झाल्याचे कळले. नव्यांची नेमणूक झाली होती, पण त्यांनी अजून पदभार घेतला नव्हता, कारण आधीच्यांनी दप्तर हवाली केले नव्हते. पदभार घेतल्यावर ते म्हणाले की कर्जखात्याचा उतारा पाहिल्याशिवाय मी सही कशी करू. ही शंका रास्त होती. ज्या संस्थेच्या ठेवीदारांचे पैसे अडकले आहेत, तिच्या तारणावर डोळे मिटून कोणी सही करू नये. परंतु तो उतारा ज्या खोलीतल्या दप्तरात होता, तिची किल्ली कोणाकडे आहे हे कोणीच सांगेना. संगणकातील नोंदी उघडण्याची सोय नव्हती, कारण त्या प्रणालीचा करार संपला होता. आज साहेब बैठकीला गेले, उद्या निवडणुकीचे काम, परवा लेखापरीक्षण, असे करत पावसाळा सरला. या काळात बागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली असतानाही ते बागायतदार माझ्याबरोबर येत राहिले, ही गोष्ट मी विसरणार नाही.

मला सर्वाधिक राग आला तो उशिराचा नव्हे, तर कोणीही काहीही लेखी न देण्याचा. दर वेळी तोंडी उत्तर मिळे आणि पुढच्या वेळी नवा माणूस नवे उत्तर देई. नकार लेखी मिळाला असता तर त्यावर अपील करता आले असते, दाद मागता आली असती. तोंडी सांगितलेल्या "पुढच्या आठवड्यात बघू" या वाक्यावर कोणाकडे जायचे? कर्ज फेडलेल्या माणसाने आपली स्वतःची गाडी मोकळी करून घेण्यासाठी कार्यालयाच्या व्हरांड्यात ताटकळत बसावे, हे मला आजही मान्य नाही.

गाडे हलले ते आम्ही पद्धत बदलल्यावर. मालकांच्या सहीने एक अर्ज तयार केला. त्यात कर्जखाते क्रमांक, बेबाकी दाखल्याची तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहून, फॉर्म ३५ वर सही द्यावी किंवा देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे, अशी विनंती केली. तो आवक विभागात देऊन आमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, आणि एक प्रत जिल्हा उपनिबंधकांकडे पाठवली. त्याच दिवशी १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्जही केला, ज्यात अवसायकाच्या नेमणूक आदेशाची प्रत आणि संस्थेचे दप्तर सध्या कोणाच्या ताब्यात आहे याची माहिती मागितली. अशा अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ती मुदत संपण्याआधीच किल्ली सापडली, रजिस्टर निघाले आणि खाते शून्य बाकीने बंद झाल्याची नोंद त्यात स्पष्ट होती. अवसायकांनी दोन प्रतींवर सह्या केल्या आणि चहाही दिला. माणूस वाईट नव्हता. एकाच वेळी अनेक संस्था त्यांच्या गळ्यात होत्या.

फॉर्म घेऊन आरटीओत गेलो, तेव्हा आणखी एक अडचण निघाली. आरसीवर पतसंस्थेचे नाव आणि शिक्का मात्र अवसायकाचा, मग हे कोण, असे विचारण्यात आले. माहिती अधिकारातून मिळालेली नेमणूक आदेशाची साक्षांकित प्रत मी सोबत ठेवली होती, ती पुढे केली आणि अर्ज स्वीकारला गेला. अवसायनातील संस्थेचा बोजा असेल तर हा आदेश फॉर्म ३५ ला जोडूनच न्यावा, म्हणजे एक फेरा वाचतो. अर्जाची पावती हातात आली, तेव्हा बागायतदार काही न बोलता माझा हात बराच वेळ हातात धरून उभे होते.

त्यानंतरचे हस्तांतरण सरळ झाले. फॉर्म २९ आणि ३०, चेसिस क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा एवढे लागले. हस्तांतरणाची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायची असते.

आता मध्येच राहिलेल्या काही गोष्टी सांगतो. वाहन पोर्टलवर नोंदलेला मालकाचा मोबाइल क्रमांक चालू आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारावे, कारण ओटीपी तिथेच जातो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा क्रमांकाची) पाटी नसेल, तर ती बसवल्याशिवाय हस्तांतरण आणि बोजा उतरवणे दोन्ही अडते. आमची पाटी कार्यालयाच्या चकरा चालू असतानाच बसवून झाली, म्हणून तेवढा वेळ वाचला. थकीत चलने आधी भरून घ्यावीत. मोठे टायर, लोखंडी बंपर किंवा बदललेले इंजिन असलेली गाडी असेल, तर ते बदल आरसीवर चढवले आहेत का ते पाहावे, कारण कलम ५२ खाली मूळ रचनेतील बदलांना बंधन आहे. आमची जिप्सी कंपनीतून आली तशीच होती आणि हे मला तिच्या रंगापेक्षा अधिक मोलाचे वाटले. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते, तेव्हा २०१३ च्या गाडीला २०२८ मध्ये तपासणी करून नूतनीकरण करावे लागेल, हा खर्च भाव ठरवतानाच धरावा.

विम्याचे मात्र थांबू देऊ नका. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि जुन्या मालकाची नो क्लेम सवलत (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे त्या फरकाची रक्कम तयार ठेवावी. आमच्या प्रकरणात चकरांच्या काळातच जुन्या पॉलिसीची मुदत संपत आली होती. मालकांनी ती वेळेवर नवी करून घेतली आणि करारात ठरल्याप्रमाणे तो खर्च मी बाकी रकमेसोबत त्यांना दिला.