हार्ट फेल्युअरनंतर पायांत बळ आणताना

हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी पडण्याच्या) उपचारांनंतर दवाखान्यातून घरी आले तेव्हा सूज उतरली होती, धाप कमी झाली होती, पण पायांत त्राण नव्हतं. वय ७३, हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ३५ टक्के, ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करायची गोळी. घरात सगळे म्हणायचे, "आई, तुम्ही पडून राहा." पण सकाळी अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरावी लागायची.

फॉलोअपला हे सांगितल्यावर डॉक्टरांनी बीपी आधी झोपवून घेतलं, मग उभं करून. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती धोक्याची खूण. माझा वरचा त्याहून जास्त उतरला. त्यांनी पाण्याच्या गोळीचा, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीचा, डोस बदलला (ही गोळी आपल्या मनाने कधीही कमी करू नका) आणि मुलाला बजावलं, की रक्त पातळ असताना डोक्याला मार बसला तर वरून खोक दिसत नसली तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, लगेच दवाखाना गाठायचा. मग मला फिजिओथेरपीला पाठवलं.

"मी रोज चालते की," मी फिजिओ मॅडमना म्हटलं. त्या म्हणाल्या, "चालाच काकू, त्याने दम टिकेल. पण अडखळलात तर सावरायला मांड्या आणि घोटे लागतात. त्यांचा व्यायाम वेगळा." माझ्या मते हे प्रत्येक हृदयरुग्णाला डिस्चार्जच्या दिवशीच सांगायला हवं.

पहिल्यांदा परीक्षा झाली. पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकामागे एक ठेवून १० सेकंद उभं राहायचं; चार मीटर चालायचं; हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं. १२ पैकी मला ६ गुण मिळाले. २०२१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासातही हीच परीक्षा होती. हार्ट फेल्युअरने दवाखान्यात भरती झालेल्या साठीपुढच्या ३४९ रुग्णांपैकी निम्म्यांना ताकद, तोल, हालचाल आणि दम असा चौपदरी व्यायाम दिला. तीन महिन्यांनी त्यांचे सरासरी ८.३ गुण झाले, बाकीच्यांचे ६.९. पुन्हा भरती होण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही, पण ज्याला स्वतःच्या पायांनी बाथरूमला जायचंय त्याला त्या दीड गुणाची किंमत कळते.

सगळ्यात कठीण गेलं ते खुर्चीतून उठणं. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, नंतर एकेक काढली. नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं, उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं आणि मग उतरतं. बीटा-ब्लॉकरमुळे (हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या गोळीमुळे) माझी नाडी फारशी वाढतच नाही, म्हणून नाडीवर विसंबायचं नाही. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हीच खूण. आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं किंवा धाप लागली, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

तोलाचे व्यायाम ओट्याला धरून. टाचा उचलायच्या, मग धरलेला हात सोडून नुसती बोटं टेकवायची. नंतर मॅडमनी चालता चालता पाढे म्हणायला लावले. एकोणतीसच्या पाढ्याला माझी पावलं चक्क थांबली! त्या म्हणाल्या, घरात माणूस असाच पडतो, फोन वाजतो, कुणी हाक मारतं, लक्ष उडतं. म्हणून ही सवय मुद्दाम करायची.

सूनबाईने बाथरूममध्ये दांडी बसवून घेतली, घसरणाऱ्या सपाता टाकून दिल्या. रात्री उठताना मी पलंगाच्या कडेला बसून आधी घोटे हलवते, मग उभी राहते. परवाच्या तपासणीत ९ गुण मिळाले. एकामागे एक पाऊल ठेवून उभं राहताना डावा पाय मागे असला की अजून लटपटते, त्यामुळे सध्या रोज त्या बाजूला जास्त वेळ देते आहे.