पंख्याने ससा गार होत नाही

नाशिकमध्ये मार्च लागला की लांब लोकरीच्या सशाच्या पिंजऱ्यासमोर टेबल फॅन येतो आणि पाळणारा निर्धास्त होतो. पंख्याने आपल्याला बरं वाटतं ते घामामुळे. वाऱ्याने घाम उडतो आणि अंग निवतं. सशाला तसा घाम येत नाही. जास्तीची उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे कान आहेत आणि श्वास आहे, बाकी अंगभर लोकर. ३९ अंशांची हवा जोरात अंगावर मारली तरी ती ३९ अंशांचीच राहते. सशाच्या अंगाचं तापमान निरोगी असतानाच साडेअडतीस ते चाळीसच्या दरम्यान असतं, म्हणजे एप्रिलच्या दुपारी त्याची उष्णता बाहेर जायला फारशी वाट उरत नाही. तो सुखात असतो १५ ते २० अंशांत, आणि २८-३०च्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. भारतात लोकरीसाठी अंगोरा जातीचे ससे पाळतात ते हिमाचलासारख्या ठिकाणी, कुलूच्या थंडीत. ते उगाच नाही.

म्हणून सुरुवात कात्रीने करायची, आणि तीही मेमध्ये नाही. अंगोराची लोकर महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाढते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन सेंटीमीटर ठेवून कापली, तर एप्रिल लागताना साडेचार होते आणि मेमध्ये सात. होळीला एकदा कापून मोकळं झालं असं होत नाही. एप्रिलच्या मध्यात दुसरा हात लागतोच. लायनहेड जातीच्या सशाला एवढं कापावं लागत नाही. त्याची मानेभोवतीची आयाळ आणि कुल्ल्यांजवळचे झुपके कमी केले की पुरतं.

सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि केस वर ओढले की तीही तंबूसारखी वर येते. बहुतेक जखमा इथेच होतात. केस चिमटीत धरून कापूच नका. बारीक दातांचा कंगवा कातडीलगत आडवा सरकवा आणि कात्री कंगव्याच्या वरून चालवा. टोकं बोथट असलेली कात्री घ्या. आधी पाठ, मग दोन्ही बाजू, पोट आणि शेपटीखालचा भाग शेवटी. मादीच्या पोटावर सड आहेत याचं भान ठेवा. तळपायांचे केस मात्र कापायचे नाहीत, तीच त्याची चप्पल. ते गेले की टाचांना जखमा होतात. एका बैठकीला पंधरा मिनिटं पुरे, सकाळच्या गारव्यात, दोन-तीन दिवसांत विभागून.

गाठी पाण्याने सुटतात हा एक समज आहे. उलट त्या भिजल्या की नमद्यासारख्या, दाबून बसवलेल्या लोकरीसारख्या, घट्ट बसतात. गाठ कोरडीच ठेवून बोटांनी दोन-तीन भागांत फाडायची, मग कंगव्याच्या आडोशाने काढायची. आंघोळ तर नकोच. भिजलेली दाट लोकर आतून वाळायला वेळ लागतो आणि ससा घाबरतो तो वेगळाच. अंगावर ओला टॉवेल टाकण्याचंही तेच. वरून ओलं, आत कोंडलेली वाफ.

आता जागा. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे हवा बरीच उतरते, आणि आपल्या हातातलं फुकटचं साधन हेच. रात्री खिडक्या उघड्या, सकाळी नऊच्या आत बंद, पश्चिमेच्या काचेला जाड पडदा. पश्चिमेची बाल्कनी किंवा पत्र्याची शेड दुपारी सशासाठी भट्टीच. शेडनेट लावलं तरी सावली मिळते, गारवा मिळेलच असं नाही. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडतो, म्हणून तिथे गच्चीला चुना मारून घ्या आणि पिंजरा जमिनीवर ठेवा, कपाटावर नको.

एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने पाण्याचा कूलर इथे चांगला चालतो. फक्त समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर दमट हवा खोलीतच फिरते. झोत थेट सशावर नको, लोकर ओलसर होते. वीज जाते तेव्हा उपयोगी पडतात त्या गोठवलेल्या बाटल्या. लिटरची बाटली पाऊणच भरा, बर्फ फुगतो. सुती कापडाचा एकच थर गुंडाळा, जाड टॉवेलातून थंडावा बाहेर येत नाही. एका सशाला दोन बाटल्या आणि बदलायला फ्रीझरमध्ये आणखी दोन. शेजारी शहाबादी फरशीचा फूटभर तुकडा ठेवा. ससा कुठे पसरायचं ते स्वतः ठरवतो.

नळीच्या बाटलीतून पाणी थेंबाथेंबाने येतं. उन्हाळ्यात जड मातीचं किंवा चिनीमातीचं भांडं बरं. किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिली पाणी लागतं, गरमीत वरच्या आकड्याकडे. दुपारी ससा कमी खातो. सुकं गवत दिवसभर समोर असू द्या, पण कोथिंबीर-मेथी धुऊन, ओलीच, पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. लसूणघासात (ल्युसर्नच्या चाऱ्यात) कॅल्शियम जास्त, पूर्ण वाढलेल्या सशाला तो रोज नको.

ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी. तोंड उघडं ठेवून धापा टाकतोय, कान लाल आणि तापलेले, हनुवटी लाळेने ओली, तर वेळ दवडू नका. गार जागी न्या, साध्या गार पाण्याने कानांच्या बाहेरच्या बाजू आणि पाय ओले करा. आता पंखा लावा, कारण कानांवर पाणी आहे आणि ते उडून गारवा देणार. बर्फाच्या पाण्यात बुडवलं तर रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच राहते. तोंडात पाणी ओतू नका, फुफ्फुसात जातं. गुदद्वाराचं तापमान साडेचाळीसच्या वर असेल तर धोका. साडेएकोणचाळीसला आलं की गार करणं थांबवा आणि डॉक्टरकडे न्याच. ससा सावरलेला दिसला तरी पुढच्या दिवसभरात आतड्यांची हालचाल मंदावू शकते. लेंड्या लहान झाल्या किंवा बंद झाल्या, तर हीच खूण.

जूनमध्ये पावसाआधी हवा दमट झाली की कूलर बंद करायचा, तो आता फक्त ओल वाढवतो. त्याच दिवसांत माश्या वाढतात. शेपटीखाली लघवीने किंवा मऊ लेंडीने केस चिकटलेले असले की माशी तिथेच अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या निघू शकतात. सकाळ-संध्याकाळ ससा उलटा न करता, मागून केस बाजूला सारून बघा.