पहिला माइक हरलेल्यांना

आमच्या कॉलेजच्या रोबोटिक्स मंडळाची रोबोंच्या (आमच्या भाषेत ‘बॉट’च्या) लढतींची दंगल दरवर्षी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि लांबलेल्या प्रास्ताविकानेच सुरू होते. त्याबद्दल काय लिहायचं? पाहुणे कोणीही असोत, मार्क थॉर्पची गोष्ट सांगतातच. हा अमेरिकन गृहस्थ १९९२ च्या सुमारास रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करायला बसला, केर काढणं राहिलं बाजूला आणि १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने यंत्रांच्या मारामाऱ्या भरवल्या. मग बीबीसीने १९९८ पासून त्या टीव्हीवर आणल्या, वगैरे. जुन्यांना हे पाठ आहे, पण पहिल्या वर्षाची पोरं कान देऊन ऐकतात, म्हणून चालवून घेते.

आमचा मुख्य गट १५ किलोचा. ६० किलोची हौस असेल त्याने मुंबईला आयआयटीच्या टेकफेस्टला जावं, आमच्या पिंजऱ्याला ती झेपणारी नाही. लढत तीन मिनिटांची. ड्रमने, म्हणजे बॉटच्या फिरत्या हत्याराने, वेग घेतला की पॉलिकार्बोनेटचे पत्रे थरथरू लागतात आणि पुढच्या रांगेतले शहाणे मागे सरकतात. बॉट पडून राहिला की रेफरी दहापर्यंत मोजतो आणि त्याच्यासोबत अख्खा मांडव मोजतो. ‘आठ’ला एखादं चाक फिरलं तर जो आरडाओरडा होतो, तो फायनललाही होत नाही.

पण मी थांबते ती बक्षीस समारंभासाठी. पहिला माइक, ज्यांच्या बॉटचे सर्वांत जास्त तुकडे झाले त्यांना, ही आमची पद्धत. विजेत्यांचं मनोगत ऐकवत नाही. ‘टीमवर्क’ आणि ‘आईबाबांचे आशीर्वाद’ यांपलीकडे जातच नाही. हरलेली पोरं मात्र घमेल्यात तुकडे घेऊन येतात आणि खरं बोलतात. गेल्या वर्षी सेकंड इयरच्या एका मुलीने वाकलेला शाफ्ट वर धरला आणि म्हणाली, “ईएन-२४ च्या कणखर पोलादाचा घ्यायचा होता, बजेटमध्ये एमएस, साधं माइल्ड स्टील, बसला. तो वाकला. पण चासीचा एकही वेल्ड सुटलेला नाही, बघा. ते सगळे मी मारलेत.” तिला हरवणाऱ्या संघाचा कॅप्टन स्टेजवर चढला, घमेल्यापाशी उकिडवा बसून वेल्डवरून बोट फिरवत राहिला आणि विचारलं, “रॉड कुठला वापरलास गं?” अशा वेळी माझा चष्मा पुसायला निघतो. वर्कशॉपच्या मॅडम रडतात हे आता सगळ्यांना माहीत आहे, असू दे.

हे बघायला आमचे माजी विद्यार्थी नसतात. परदेशातल्यांचं समजू शकते, पण वाकड-बाणेरहून “मॅडम, ट्रॅफिक!” हे कारण रविवारी सकाळी? आणि जे येतात, ते फायनल आटोपली की पार्किंगकडे.

आता ऋण. भोसरी एमआयडीसीतले लेथवाले काका, शिफ्ट सुटल्यावर पोरांचे शाफ्ट टर्न करून देणारे. तपकीर गल्लीतले शेठ, वायर उधारीवर देतात. जुन्या बाजारातले चाचा, वायपरच्या मोटरी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. वॉचमन मामा वाळूच्या बादल्या घेऊन पिंजऱ्यापाशी उभे असतात, कारण बॉटची फुगलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी कधी पेटेल याचा नेम नसतो. इलेक्ट्रिशियन भाऊ. चहावाल्या मावशी, रेफरीसाठी बिनसाखरेचा वेगळा आठवणीने आणणाऱ्या. बॅनर शिवून देणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या आई. साउंडवाला पोरगा, जनरेटरवाला, आणि झाडलोट करणाऱ्या दोघी ताई. पिंजऱ्यातले लोखंडाचे कपचे त्या चुंबक फिरवून वेचतात. कोणी राहिलं असेल तर आजच कळवा, मला झोप लागणार नाही.

हो, मांडववाले दादा राहिलेच! मोडलेल्या खुर्च्यांचे पैसे त्यांनी गेल्या वर्षी लावले नाहीत. त्या बॉटने मोडल्या नव्हत्या. फायनल नीट दिसावी म्हणून वर चढलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मोडल्या, तेच जे मनोगताला थांबले नाहीत.