तंबूत बंदूक नको

कन्नड, सोयगाव आणि किनवटच्या डोंगरांत तंबू ठोकून मुक्काम करणाऱ्यांची संख्या वाढू लागल्यापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: घरात परवान्याची बंदूक आहे, तर ती स्वसंरक्षणासाठी सोबत घ्यावी का? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे आणि त्यामागे कायद्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्या डोंगरांत राबणाऱ्या माणसांची काळजी आहे.

आधी कायद्याविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील कलम 31 नुसार अभयारण्यात शस्त्र घेऊन जाण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी लागते; त्यामुळे गौताळा औट्रमघाट असो, येडशी रामलिंग घाट असो वा पैनगंगा, तेथे नुसता शस्त्रपरवाना दाखवून भागत नाही. स्वतःचा जीव वाचवताना वन्यप्राणी मारला गेल्यास कलम 11 नुसार तो गुन्हा ठरत नाही, हे खरे आहे. परंतु त्या वेळी संबंधित व्यक्ती याच अधिनियमाचा भंग करीत असेल, तर तिला हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे ज्या बंदुकीच्या भरवशावर माणूस विनापरवानगी जंगलात शिरतो, तीच बंदूक त्याचा कायदेशीर बचाव काढून घेते.

बिबट्या, अस्वल यांची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. 2021 मध्ये गौताळ्यात वाघही कॅमेऱ्यात टिपला गेला. मात्र अस्वलाचा हल्ला बहुधा दोघे अचानक समोरासमोर आल्यावर, अगदी जवळून आणि काही क्षणांत होतो. थैलीतून बंदूक काढून नेम धरण्याइतका वेळ तेथे नसतो. मोहफुले गळण्याच्या दिवसांत पहाटे मोहाच्या झाडांखाली न फिरणे हाच त्यावर खरा उपाय आहे. मण्यारीपुढे तर बंदुकीचा काहीच उपयोग नाही. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा वेदना इतकी कमी असते की दंश झाल्याचे त्याला कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण लावणे, बूट झटकून घालणे, अन्न आणि खरकटे उघड्यावर न ठेवणे आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले जवळचे रुग्णालय आधीच माहीत करून घेणे, यांतून जेवढे संरक्षण मिळते तेवढे कोणत्याही पिस्तुलाने मिळणार नाही.

मला सर्वाधिक भय वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. मराठवाड्यात कृषिपंपांना थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच मिळते, त्यामुळे मध्यरात्री किंवा पहाटे हातात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला, दारे धरायला निघालेला शेतकरी हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य आहे. त्याशिवाय मेंढरांच्या राखणीला जागे असलेले धनगर, पिकाची राखण करणारी माणसे आणि गस्तीवरचे वनरक्षक असतात. डोंगराच्या पायथ्याशी तंबूबाहेर पाऊल वाजले, तर ते चोराचे किंवा श्वापदाचे असण्यापेक्षा अशा एखाद्या माणसाचे असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. अर्धवट झोपेत, अनोळखी काळोखात, उशाशी भरलेली बंदूक असलेला शहरी पाहुणा त्या क्षणी काय करील, याची खात्री कोण देणार? तंबूचे कापड गोळी अडवत नाही. शेजारच्या तंबूत आपलेच सोबती झोपलेले असतात, हेही लक्षात घ्यावे.

बीड जिल्ह्यात 2024 च्या अखेरीस शस्त्रपरवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि त्यानंतर प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. अशा काळात अनोळखी माणसाच्या कमरेला पिस्तूल दिसल्यास कोणतेही गाव त्याच्याकडे संशयानेच पाहील, आणि अडचणीच्या वेळी सर्वांत आधी धावून येणार असते ते तेच गाव.

म्हणून मुक्कामापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी, पायथ्याच्या गावात सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून किती जण कोठे राहणार आहेत हे सांगावे, शक्य असल्यास गावातील एखादा माहीतगार सोबत घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. वनविभागाचा 1926 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक प्रत्येकाजवळ असावेत, आणि मोबाइलची रेंज नेमकी कोठपर्यंत मिळते ते दिवसाउजेडीच पाहून ठेवावे.