त्या दिवशी तात्यांची स्मरणशक्ती तपासली नाही

फेब्रुवारीतला सोमवार. साताऱ्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये कोरेगाव तालुक्यातून ७८ वर्षांच्या तात्यांना घेऊन मुलगा आणि सून आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेला माणूस. चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘स्मृतिभ्रंश, चाचणी करून अहवाल द्यावा.’

तात्या धोतराच्या काठावरून चिमटीने काहीतरी वेचत होते, तिथे काहीच नव्हतं. उत्तर अर्ध्यावर सोडून पंख्याकडे बघत बसायचे.

चाचणीची वही उघडण्याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे ‘कधीपासून?’ मुलगा म्हणाला, “वर्षभर विसरतायत.” सुनेला वेगळं बसवून विचारलं. घरची माणसं एकमेकांसमोर एकच सूर लावतात, आणि दिवसभर सोबत असणाऱ्या माणसाचा शब्द दबून जातो. ‘किती दिवस झाले’ असं मोघम विचारूनही उपयोग नसतो. काळाला खुंट्या लागतात: दिवाळीत कसे होते? पालच्या यात्रेला? गेल्या बाजाराला?

“पालीला गेले होते की हो, भंडारा घेऊन आले. बुधवारी दुधाचा हिशोब त्यांनीच लिहिला. शुक्रवारी रात्रीपासनं बिघडलंय. मध्येच उठायचं, भोंगा झाला, हजेरी घ्या म्हणायचं. सकाळी जरा बरं, दिवस मावळला की परत तेच.”

निदानाची दिशा इथेच बदलली. अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा नेहमी दिसणारा प्रकार, वर्षावर्षाने सरकत येतो. उतारवयातलं नैराश्य आठवड्यांत, महिन्यांत उतरतं. तीन दिवसांत माणूस बदलला आणि तोही तासातासाला कमी-जास्त होतोय, तर आधी डिलिरियम समजायचा, म्हणजे शरीरातल्या कुठल्या तरी बिघाडाने मेंदूचं लक्षच सुटणं. ही तातडीची बाब असते.

डिलिरियमसाठी फोर-एटी नावाची चाचणी आहे, दोनेक मिनिटांची; बिघाड जास्त तसे गुण जास्त. जागेपणा ठीक, शून्य. वय, जन्मतारीख, ठिकाण बरोबर सांगितलं. साल मात्र ‘सत्त्याण्णव’. एक चूक, एक गुण. मग महिने उलटे म्हणायचे. “डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर…” आणि तात्या पुन्हा नोव्हेंबर, डिसेंबर असे सुलटे निघाले. सात महिन्यांपर्यंत पोचले नाहीत, आणखी एक गुण. अचानक झालेला आणि चढउतार असलेला बदल, चार. एकूण सहा. चार किंवा जास्त गुण झाले की डिलिरियमची शक्यता धरायची. शाळा न शिकलेल्या आजींना इंग्रजी महिने येत नसतील तर त्यांना वार उलटे म्हणायला सांगतो.

स्मरणशक्तीची चाचणी त्या दिवशी घेतली नाही. मुलाला ते पटेना, एवढ्या लांबून आलो म्हणाला. पण लक्षच टिकत नसेल तर चाचणीत लक्षात ठेवायला दिलेले शब्द आत जाणारच नाहीत. मग ‘आठवला नाही’ याला अर्थ काय? तरीही आकडा येतो, तो अहवालात छापला जातो, आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर फाइलवरचा ‘डिमेन्शिया’ वाचून पुढे जातो. अशा आकड्याने म्हाताऱ्या माणसाचं फार नुकसान होतं.

सुनेच्या पिशवीतून औषधं काढून टेबलावर मांडली. रक्तदाबाची जुनी गोळी, आणि सर्दीसाठी गुरुवारपासून चालू केलेली, दुकानातून आणलेली गोळी. पाकिटावर क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन. पहिलं औषध असिटिलकोलीनचं, म्हणजे मेंदूत पेशींचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं. वयाबरोबर ती यंत्रणा आधीच क्षीण झालेली असते, मूत्रपिंडं औषध सावकाश बाहेर टाकतात, त्यामुळे तरुणाला नुसती गुंगी आणणारी गोळी सत्तरीपुढे माणसाचं भान घालवू शकते. शिवाय प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत ही दोन्ही औषधं लघवी अडवतात. विचारलं, तर लघवी थेंबथेंब होत होती. हे घरात कुणी बोललंच नव्हतं.

सोबत चिठ्ठी देऊन त्याच तासात फिजिशियनकडे पाठवलं. मूत्राशय तुंबलं होतं. नळी घातल्यावर लिटरभराहून जास्त लघवी निघाली. सर्दीची गोळी बंद, रक्त-लघवी तपासणी, सोडियमही बघितलं.

घरी काय करायचं ते सुनेला लिहून दिलं, कारण इथेच चुकतं. चष्मा ‘फुटेल’ म्हणून काढून ठेवतात, खोली अंधारी करतात, झोपेची गोळी मागतात. नेमकं उलटं हवं: चष्मा डोळ्यावर, दिवसा उजेड, समोर घड्याळ आणि कालनिर्णय, जवळ ओळखीचं एकच माणूस, पाणी, थोडं चालणं. झोपेच्या गोळीने डिलिरियम बरेचदा वाढतो. आणि गडबड न करता गप्प पडून राहणारा प्रकार असतो, तो तर ‘आता शांत झाले’ म्हणून सुटूनच जातो.

आठवड्याभरात तात्या बरेच सावरले. पण पूर्ण निवळायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून खरी चाचणी मे महिन्यात घेतली. मुलाचं ‘वर्षभर’ही सोडून चालणार नव्हतं, डिलिरियम पुष्कळदा आधीच सुरू झालेल्या स्मृतिभ्रंशावरच येऊन बसतो. पाच शब्दांपैकी तीन त्यांना आपणहून आठवले, उरलेले दोन ‘एक फळ होतं’ असा इशारा दिल्यावर. म्हणजे शब्द आत गेलेले होते, बाहेर काढायला वेळ लागत होता. नावं जिभेवर अडत होती, दुधाचा हिशोब मात्र चोख. वयाबरोबर बुद्धी कशी बदलते याच्या, मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासातही हाच नमुना दिसतो: वेग आधी उतरतो, शब्दसंपदा पुष्कळ उशिरापर्यंत टिकते.

अहवालात लिहिलं: ‘सध्या स्मृतिभ्रंशाचा पुरावा नाही. वर्षाने पुन्हा याच चाचण्या.’ खाली लाल शाईत टाळायच्या औषधांची नावं, आणि ती यादी गावातल्या मेडिकलवाल्याकडे दाखवून ठेवायला सांगितलं.