नवीन राउटर घ्या, पण आधी जुना डबा ब्रिजवर टाकून घ्या

स्पीड टेस्ट लावली की शंभर एमबीपीएस पूर्ण येतात, चालू असलेला व्हिडिओ कॉल पण नीट चालतो, पण नवीन पेज उघडायला गेलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं, आणि राउटर बंद-चालू केला की थोडा वेळ सगळं झकास. असं होत असेल तर प्लॅन वाढवू नका, पैसे वाया जातील.

नाशिकला गंगापूर रोडला माझ्या मावशीकडे वरच्या मजल्यावर कॉलेजची मुलं पीजी राहतात, तिथे रोज रात्री जेवणं झाली की हेच. नेटवाला म्हणाला, "मावशी, दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घ्या." मावशीचा मला फोन, "अरे, पैसे भरते मी, पण होईल का नीट?" नाही होणार गं.

कारण असंय की घरातले सगळे मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप मिळून बाहेर इंटरनेटवर एकच पत्ता वापरतात, म्हणून कुठलं कनेक्शन कोणाचं हे राउटर सोसायटीच्या वॉचमनसारखं रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो. हेच नॅट टेबल. एका डिव्हाइसची एकच नोंद असं नसतं, नुसता ब्राउझर उघडला तरी डझनावारी होतात, टॉरेंटवर डाउनलोड लावलं तर शेकड्यांनी. आणि बऱ्याच राउटरच्या आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिची मूळ सेटिंग अशी की टीसीपी (नेटवरचं नेहमीच्या प्रकारचं) कनेक्शन नीट बंद न होता तुटलं तर नोंद ४,३२,००० सेकंद, म्हणजे चक्क ५ दिवस पडून राहू शकते. (ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ती मुदत ७,४४० सेकंदांवर, म्हणजे साधारण दोन तासांवर आणलीये, फार बरं केलं.) रजिस्टर भरलं की नवीन कनेक्शनला जागाच नाही, जुनी मात्र चालू राहतात.

खोक्यावर "इतकी डिव्हाइस चालतील" असं छापलेलं असतं ना, ते वायफायचं झालं, या टेबलाचं नाही. अँटेना मोजून तर अजिबात घेऊ नका. हे टेबल रॅममध्ये राहतं, म्हणून रॅम बघा, १२८ एमबीच्या खाली जाऊ नका, २५६ मिळाली तर उत्तम. वायफाय ६ घ्या, त्यात एकाच वेळी अनेक डिव्हाइसना चॅनल वाटून देता येतो, गर्दीच्या घरात हे कामाचं आहे. पोर्ट (वायर लावायच्या जागा) गिगाबिटचेच, म्हणजे हजार एमबीपीएसचे हवेत. एमजी रोडला दुकानदार पटकन सांगणार नाही, मॉडेल नंबर घेऊन मोबाईलवर तिथेच शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फायबरवाल्यांनी दिलेला डबा राउटर मोडमध्येच ठेवून त्याच्यामागे नवीन राउटर जोडला तर काहीच फरक पडत नाही, कारण प्रत्येक कनेक्शन शेवटी त्याच जुन्या डब्याच्या टेबलातून जातं! कितीही महागडा राउटर आणा, अडणार तिथेच. म्हणून कस्टमर केअरला सांगून डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो नुसतं नेट पुढे देईल आणि रजिस्टर नवीन राउटर सांभाळेल. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं कनेक्शन) असेल तर युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (कंपनीने कनेक्शनला दिलेला नंबर) लिहून घ्या, मॅक बाइंडिंग असेल, म्हणजे नेट एका ठराविक डिव्हाइसलाच बांधलेलं असेल, तर नवीन राउटरचा मॅक (त्याचा स्वतःचा ओळख नंबर) त्यांना कळवा. मावशीकडे नेटवाला आधी "होत नाही" म्हणाला, तक्रार नंबर घेतल्यावर त्यानेच येऊन करून दिलं.

ब्रिज करून देतच नसतील तर राउटर घ्यायची घाई करू नका, आधी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन बघा. आणि तोपर्यंत मुलांना टॉरेंटच्या सेटिंगमध्ये कनेक्शनची कमाल संख्या शंभरवर आणायला सांगा, तेवढ्यानेही रात्री बराच फरक पडतो.